शेवटानंतरचे तेरा भाग

सोमवार, रात्री

लेकाची सहामाही एकदाची आटोपली. काय हवंय विचारलं तर म्हणाला, 'जस्टिस लीग अनलिमिटेड' या सुपरहिरोंच्या अमेरिकन कार्टून मालिकेचा राहिलेला सीझन, रोज जेवणानंतर. मी कशाला नाही म्हणतेय! आधीचे सगळे भाग आम्ही मे महिन्यात उरकले होते आणि 'एपिलॉग' या भागापाशी येऊन थांबलो होतो. तो भाग बघितला की पुढे काही बघावंसंच वाटत नाही. निदान मला तरी.

'एपिलॉग' अमेरिकेत लागला २३ जुलै २००५ ला आणि करणाऱ्यांनी तो शेवट म्हणूनच केला होता. भविष्यातला तरुण बॅटमॅन टेरी मॅकगिनिस अमांडा वॉलर या एकेकाळच्या सरकारी अधिकारी, आता म्हाताऱ्या बाईकडे जाब विचारायला जातो आणि ती त्याला जुनी हकीकत सांगते. एस नावाची मुलगी मरणाच्या दारात आहे. तिच्या मनाची ताकद अशी की जाता जाता आजूबाजूच्या सगळ्यांना घेऊन जाईल. वॉलरने हातात शस्त्र देऊन बॅटमॅनला आत पाठवलंय. तो जातो, तिच्या शेजारच्या झोपाळ्यावर बसतो आणि ती जाईपर्यंत तिचा हात धरून तसाच बसून राहतो. १९९२ साली 'बॅटमॅन: द ॲनिमेटेड सिरीज'ने जे जग उभं केलं, त्याचा पडदा इथे पडला असता तर कुणाचीच तक्रार नव्हती.

पण चॅनेलने आणखी तेरा भाग मागितले. झालं, १७ सप्टेंबर २००५ पासून पुन्हा सुरू.

त्या काळी मी हे तुकड्यातुकड्यांत पाहिलंय. आज एक भाग, मग मधले गायब, घरात कुणाला बातम्या बघायच्या असल्या की तेवढंही नाही. ओळीने बघायची संधी आत्ता मिळतेय. माझ्या डोक्यात एकच आहे: गोष्ट संपून गेल्यावर हे लोक सांगत तरी काय बसले?

मंगळवार

पहिल्याच भागात लूथर, म्हणजे सुपरमॅनचा कट्टर शत्रू, तुरुंगातून पळतो आणि थेट दलदलीतल्या खलनायकांच्या अड्ड्यावर पोचतो. अड्डा म्हणजे पाण्यातून वर आलेलं काळं शिरस्त्राण. १९७८ च्या 'चॅलेंज ऑफ द सुपर फ्रेंड्स'मधलं 'लीजन ऑफ डूम'चं मुख्यालय त्यांनी जवळजवळ तसंच उचललंय. बाकी सगळा कारभार मात्र आजचा. गोरिला ग्रॉड या बोलणाऱ्या, अतिहुशार वानराने गुन्हेगारांची युनियन काढलीय. प्रत्येकाने कमाईतला हिस्सा द्यायचा, बदल्यात संरक्षण. लीगमध्ये पन्नासच्या वर हिरो झालेत, तर एकेकट्याने मार खाण्यापेक्षा आपणही एक व्हा. बिनतोड मुद्दा आहे.

लेकाचा प्रश्न ताबडतोब आला. "आई, जोकर का नाहीये यांच्यात?"

याचं उत्तर गोष्टीच्या बाहेर आहे. त्याच सुमारास 'द बॅटमॅन' ही वेगळी मालिका चालू होती, २००५ मध्ये 'बॅटमॅन बिगिन्स' सिनेमाही आला. तेव्हा बॅटमॅनच्या गोतावळ्यातले खलनायक इकडे वापरायचे नाहीत असं ठरलं होतं. चाहते त्याला 'बॅट-एम्बार्गो' म्हणतात. म्हणजे जगातल्या सगळ्या बदमाशांची संघटना आणि त्यात सगळ्यात मोठा बदमाश नाही. लेकाला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे ऑफिसवाल्यांनी अडवलं." हो, ऑफिसवाल्यांनीच.

पण या अडचणीतून सीझनला एक चांगली सवय लागली. मोठी नावं मिळत नाहीत म्हटल्यावर लहान नावांकडे नीट बघायची.

गुरुवार, उशिरा

काल लाइट गेली होती, म्हणून आज दोन भाग.

'टू अनदर शोअर'मध्ये जॉन जॉन्झ लीग सोडतो. हा मंगळावरचा हिरवा माणूस पहिल्या दिवसापासून सगळ्यांचा समन्वय सांभाळणारा. पृथ्वीचं रक्षण करता करता पृथ्वीवरच्या माणसांत राहायचंच विसरून गेलेला. वंडर वुमन त्याला हे तोंडावर सांगते आणि तो चक्क ऐकतो. कुठलाही तमाशा न करता निघून जातो. सुपरहिरोने राजीनामा द्यावा आणि तो मंजूरही व्हावा, हे मी आणखी कुठे पाहिल्याचं आठवत नाही.

आणि मग 'फ्लॅश अँड सबस्टन्स'. याच्याबद्दल नीट लिहायचंय.

सेंट्रल सिटीने फ्लॅशच्या, म्हणजे लाल पोशाखातल्या, विजेच्या वेगाने पळणाऱ्या हिरोच्या नावाने संग्रहालय काढलंय, त्याचं उद्घाटन. सोबत बॅटमॅन आणि ओरायन. कॅप्टन कोल्ड, मिरर मास्टर, कॅप्टन बूमरँग आणि ट्रिक्स्टर हे खलनायक मिळून फ्लॅशला मारायचा बेत करतायत. फ्लॅश आणि त्याचे दोघे सोबती माग काढत एका बारमध्ये जातात. ट्रिक्स्टर तिथे बसलाय, पूर्ण पोशाखात, पट्ट्यापट्ट्यांचे कपडे घालून, ग्लास समोर ठेवून. बॅटमॅनची पद्धत आपल्याला माहीत आहे, गचांडी धरून दुसऱ्या मिनिटाला माहिती. फ्लॅश त्याला बाजूला थांबायला सांगतो आणि ट्रिक्स्टरच्या शेजारी जाऊन बसतो. औषधं घेत नाहीयेस ना, असं विचारतो. ट्रिक्स्टर म्हणतो, मला ठीक वाटतंय. मग फ्लॅश त्याला दाखवून देतो की तू पुन्हा तो पोशाख घातलायस. तो खाली बघतो. त्याच्या ध्यानातच नव्हतं! तिथे त्याचा चेहरा जो उतरतो, तो मी पुन्हा मागे नेऊन बघितला. फ्लॅश सांगतो, हॉस्पिटलमध्ये तुला भेटायला येईन, आपण डार्ट्स खेळू, ते मऊ टोकांचे. मग बेताची सगळी माहिती आपसूक मिळते. शेवटी, हातातलं पेय संपव आणि स्वतः जाऊन हजर हो, एवढं सांगून फ्लॅश उठतो. ट्रिक्स्टर बरं म्हणतो.

एक गुद्दा नाही. ओरायन हा लढाईखेरीज दुसरं काही न शिकलेला प्राणी, तो बघतच राहतो.

आणि ट्रिक्स्टरचा आवाज कुणाचा? मार्क हॅमिलचा. याच जगात जोकरला आवाज देणारा माणूस. १९९० च्या 'द फ्लॅश' या माणसांच्या मालिकेतही ट्रिक्स्टर त्यानेच केला होता. म्हणजे जोकरला दारातून आत येऊ दिलं नाही, तर त्याचा आवाज बारमध्ये येऊन बसला, आणि यावेळी त्याला वेडाचं हसू द्यायच्या ऐवजी त्याच्या आजारपणाची चौकशी केली. हे ठरवून केलं असेल की सहज जमलं असेल, मला फरक पडत नाही. 'एपिलॉग'मधल्या झोपाळ्याइतकाच हा बारमधला उंच स्टूल मला मोठा वाटतो. पण त्या भागाचा बोलबाला फार झाला, याचा त्या मानाने कमी.

सासूबाई पोळ्यांची कणीक झाकून ठेवता ठेवता थांबून बघत होत्या. "हा तांबडा मुलगा गुणी आहे हो," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

शनिवार

आज सुट्टी, रांगेने बसलो.

'डेड रेकनिंग'मध्ये ग्रॉडचा इतक्या दिवसांचा गुप्त बेत उघडा पडतो: जगातल्या सगळ्या माणसांची माकडं करायची. लूथरला हसावं की रडावं कळत नाही. त्याच क्षणी तो नेतृत्व हातात घेतो. योग्यच केलं त्याने.

'द ग्रेट ब्रेन रॉबरी' म्हणजे निव्वळ धमाल. फ्लॅश आणि लूथर यांच्या मनांची अदलाबदल. लूथरला वाटतं, शत्रूचं शरीर हाती लागलंय तर निदान त्याची ओळख तरी कळेल. आरशासमोर उभा राहून मुखवटा काढतो, निरखून बघतो, आणि हा कोण माणूस आहे हे त्याला अजिबात ठाऊक नसतं! लेक सोफ्यावरून खाली पडला. यातली आतली गंमत अशी की फ्लॅशला आवाज देणारा मायकेल रोझेनबॉम तेव्हा 'स्मॉलव्हिल'मध्ये लूथरचीच भूमिका करत होता. फ्लॅशच्या शरीरातल्या लूथरचा आवाज काढताना त्याला फारसे कष्ट पडले नसणार.

'पॅट्रिअट ॲक्ट' मला आवडला, लेकाला कंटाळवाणा वाटला. मिरवणुकीला लोकांना सुपरमॅन हवा होता, वाट्याला आले ग्रीन ॲरो, व्हिजिलान्टी, शायनिंग नाइट वगैरे मंडळी. जनरल आयलिंग स्वतःच राक्षस होऊन त्यांना तुडवतो. शेवटी त्याला अडवतात ते साधे बघे. तिथे महाशक्ती असलेला एकटा तोच उरलेला असतो आणि हे त्याला दुसऱ्याने सांगावं लागतं.

'ग्रज मॅच'बद्दल काही लिहीत नाही. मारामारी आहे. संपते.

'एन्शंट हिस्टरी'वरून मात्र घरात चर्चा झाली. जॉन स्टुअर्ट, म्हणजे ग्रीन लँटर्न, भविष्यात जाऊन आलाय. तिथे त्याने आपला आणि जुन्या प्रेयसीचा, हॉकगर्लचा, मुलगा डोळ्यांनी बघितलाय. आता त्याचं प्रेम लीगमधल्याच व्हिक्सनवर आहे. हॉकगर्लला तो खरं काय ते सांगतो आणि वर म्हणतो की नियतीच्या हातचं बाहुलं मी होणार नाही, मी व्हिक्सनबरोबरच राहणार. गोष्ट इथेच सोडलीय. आपल्याकडे लग्नाच्या गाठी स्वर्गात बांधल्याचं ऐकत मोठ्या झालेल्या बाईला हा माणूस फार पटला. सासूबाईंना मुळीच नाही. "पण मुलगा दिसलाय ना त्याला," त्यांचं म्हणणं. तोही मुद्दा आहेच.

रविवार, दुपारी

'अलाइव्ह!' या भागात हिरो जवळजवळ नाहीतच. सगळा भाग खलनायकांच्या यानात घडतो. लूथर अवकाशात ब्रेनिॲक या परग्रहावरच्या यंत्रबुद्धीचे अवशेष शोधत निघालाय. एकेकाळी ब्रेनिॲक त्याच्या शरीरात होता, दोघे मिळून देव व्हायला अगदी थोडं राहिलं होतं, त्या घटकेपासून या माणसाला दुसरं काही सुचत नाही. कोठडीतल्या ग्रॉडला टाला ही चेटकीण सोडवते आणि बंड होतं. इकडचा गट, तिकडचा गट, कोण कुठल्या दारामागे उभा आहे याची मोजणी. किलर फ्रॉस्ट वारं कुठे वळलं ते बघून बाजू बदलते आणि निष्ठा सिद्ध करायला स्वतःच्याच साथीदारांना गोठवते. गेल्या काही वर्षांत मराठी बातम्या बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. फक्त इथे हरलेल्या नेत्याला यानाच्या दारातून बाहेर पोकळीत फेकतात.

मेट्रॉन हा विश्वभर भटकणारा ज्ञानी येऊन लूथरला बजावतो. लूथर कुणाचं ऐकणार! टालाचा जीव घेऊन यंत्र चालवतो आणि त्यातून ब्रेनिॲकऐवजी डार्कसाइड हा महाबलाढ्य दुष्ट देव उभा राहतो. उरलेसुरले बदमाश जीव मुठीत धरून लीगच्या दारात.

पुढचा आणि शेवटचा भाग 'डिस्ट्रॉयर', अमेरिकेत १३ मे २००६ ला लागलेला. लिहिलाय ड्वेन मॅकडफीने. या सीझनची एकूण कथासूत्रं त्याच्याच हातात होती. माइलस्टोन या कॉमिक्स कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, २०११ मध्ये अवघ्या ४९ व्या वर्षी गेला. आवाजांतला केव्हिन कॉनरॉयही २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये गेला. १९९२ पासूनचा बॅटमॅन तो.

यातलं सुपरमॅनचं भाषण सगळ्यांना पाठ आहे: मी पुठ्ठ्याच्या जगात राहतो, काही मोडू नये म्हणून सतत जपत असतो, पण तुझ्यापुढे जपायची गरज नाही. मग जो ठोसा बसतो त्याने डार्कसाइड इमारतींच्या आरपार जातो. छानच आहे. पण माझं लक्ष त्याआधीच्या काही सेकंदांवर होतं. डार्कसाइडच्या डोळ्यांतल्या किरणांतून कुणी सुटत नाही अशी ख्याती, आणि बॅटमॅन, ज्याच्याकडे कसलीच शक्ती नाही, तो अंग चोरत, उड्या मारत त्यांना चुकवतो. डार्कसाइडलाही त्याचं नवल वाटतं. लीग सोडून गेलेला मंगळावरचा जॉनसुद्धा परत येतो, आता माणसांत घर करून राहिलेला. घरातल्या बाईचा निरोप घेऊन पुन्हा हिरवा होतो.

आणि जग वाचवतो कोण, तर लूथर. मेट्रॉन त्याला सृष्टीच्या टोकावरच्या भिंतीपलीकडे नेतो. डार्कसाइड ज्यासाठी युगानुयुगं वणवण करत होता ते समीकरण घेऊन लूथर परततो, त्याच्यापुढे हात धरतो आणि दोघंही उजेडात नाहीसे होतात.

रविवार, रात्री

जेवताना वाद. लेक म्हणतो लूथर चांगला झाला. माझं म्हणणं, त्याला देव व्हायचं होतं, दोन मिनिटं का होईना झाला, जग वाचलं हा जोडधंदा. लेकाने विचारलं, मग डार्कसाइडला सुपरमॅनला मारू द्यायचं ना, नंतर द्यायचं समीकरण. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मालिकेनेही दिलेलं नाही, बरंच केलं.

शेवट मला वाटलं होतं त्यापेक्षा आवडला. मदतीला आलेल्या बदमाशांना बॅटमॅन पाच मिनिटांची मुदत देतो, पळा. ते पळतात. मग लीगवाले पायऱ्या उतरून त्यांच्यामागे धावत सुटतात, एकेक, ओळीने, ज्यांची नावंसुद्धा आठवत नाहीत तेही. 'एपिलॉग'ने हिशेब मिटवला होता, त्यामुळे यांना आता काही सिद्ध करायचं नव्हतं. उद्याही ड्यूटी आहे, एवढंच दाखवायचं होतं. बारा-तेरा भाग असेच गेलेत: कुणाचा राजीनामा, कुणाची औषधं, कुणाचं जुळलेलं-मोडलेलं.

पुढे 'स्टॅटिक शॉक' लावायचं ठरलंय. ते मूळ पात्र मॅकडफी आणि माइलस्टोनच्या मंडळींचं, जगही हेच. लेकाने अट घातलीय, मधे मधे थांबवून "हे बघ, हे बघ" करायचं नाही. सासूबाईंनी त्याला दुजोरा दिलाय.