गणेशखिंडीत कॅमेरा नव्हता

विद्यापीठाकडून शिवाजीनगरकडे येताना वाहतूक तुंबली की मला हमखास २२ जून १८९७ ची रात्र आठवते. व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवानिमित्त गव्हर्नमेंट हाउसमध्ये, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत, झालेला समारंभ आटोपून प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट घोडागाड्यांतून याच गणेशखिंडीच्या रस्त्याने परतत असताना दामोदर आणि बाळकृष्ण चापेकरांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड ३ जुलैला गेला. (त्याला खून म्हणावे की वध, हा वाद पुण्यात आजही दिवाणखान्यात बसून सहज तासभर चालू शकतो.)

योगायोग असा, की त्याच दिवशी त्याच महोत्सवाची लंडनमधली मिरवणूक अनेक कॅमेऱ्यांनी टिपली. त्यातले काही तुकडे आजही पाहायला मिळतात. घोडेस्वार डुलत जातात, बग्गीत छत्री धरून बसलेली राणी दिसते. तिकडे राणी अशी जतन झाली आणि इकडे तिच्याच उत्सवातून निघालेल्या रँडचे एकही दृश्य नाही. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी चलच्चित्रे दाखवली गेली होती, तेव्हा हे यंत्र आपल्याकडे अगदीच अपरिचित नव्हते. पण तेव्हाच्या फिल्मला भरपूर ऊन लागत असे, आणि गणेशखिंडीत रात्र होती. कोणी कॅमेरा लावलाही असता, तरी हाती काळोखच आला असता.

राजकीय हत्यांची सुरुवातीची चित्रणे पाहताना मला सारखे जाणवते, की कॅमेरा तिथे समारंभासाठी गेलेला असतो आणि हत्या त्याच्या हातून निसटते. अमेरिकेचे अध्यक्ष मॅकिन्ली यांचे बफेलो येथील ५ सप्टेंबर १९०१ चे भाषण एडिसन कंपनीने चित्रित केले. दुसऱ्या दिवशी सभागृहात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा कॅमेरा बाहेर होता, म्हणून त्याला मिळाली ती बातमी ऐकून खवळलेली गर्दी. मारेकरी चोल्गोशला विजेच्या खुर्चीवर देहदंड झाल्यावर कंपनीने तुरुंगाच्या बाहेरच्या खऱ्या दृश्याला देहदंडाचा नटांकरवी केलेला प्रसंग जोडून पडद्यावर आणला. ही मला सरळसरळ लबाडी वाटते.

सारायेव्होची गोष्ट त्याहून बोलकी आहे. २८ जून १९१४ रोजी ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड याच्या हत्येनंतर एका माणसाला ओढून नेताना काढलेले छायाचित्र वर्षानुवर्षे ‘प्रिन्सिपची अटक’ म्हणून छापले गेले; पण त्यातला माणूस मारेकरी गाव्रिलो प्रिन्सिप नसून फर्डिनांड बेर नावाचा बघ्या असावा, असे आता मानले जाते. शाळेच्या पुस्तकात पाहिलेल्या चित्रांविषयी मी तेव्हापासून जरा साशंकच असतो.

खऱ्या अर्थाने कॅमेरा हत्येच्या जवळ पोहोचला तो मार्सेयमध्ये, ९ ऑक्टोबर १९३४ रोजी. युगोस्लाव्हियाचा राजा अलेक्झांडर बोटीतून उतरून फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री लुई बार्थू यांच्यासह उघड्या मोटारीतून संथ गतीने निघाला होता, आणि वृत्तपटवाले त्याच्या स्वागतासाठी सज्ज होते. मारेकरी चेर्नोझेम्स्की मोटारीच्या पायरीवर चढला. पुढची धावपळ, घोडेस्वाराची तलवार आणि मोटारीत कलंडलेला राजा, हे सारे पडद्यावर आहे. बार्थूही त्या दिवशी दगावले, आणि त्यांना लागलेली गोळी पोलिसांचीच होती, हे पुढे उघड झाले. एवढे सगळे चित्रित होऊनही गोळ्या झाडल्या जाण्याचा नेमका क्षण मात्र त्या वृत्तपटात नाही.

गणेशखिंडीचा तो क्षण आपल्याकडे आहे, तो दामोदर चापेकरांनी तुरुंगात सांगितलेल्या हकिकतीत: धावत रँडच्या गाडीमागे जाणे, मागचा पडदा वर करणे आणि हातभरसुद्धा नसलेल्या अंतरावरून गोळी झाडणे.