वारसांच्या यादीत आजीचे नाव

ऑगस्ट 2024 मध्ये वडील गेले, तेव्हा त्यांच्या नावावर पुण्यात एक सदनिका, सातारा जिल्ह्यातील गावी काका आणि आजी यांच्यासह सामाईक असलेली जमीन, दोन बँकांतील मुदत ठेवी आणि डीमॅट खात्यातील समभाग एवढी मालमत्ता होती. मृत्युपत्र केलेले नव्हते. ते करावे असे मी दोनदा सुचवले होते आणि दोन्ही वेळा आईने मला गप्प केले होते.

सुरुवातीची कामे मी वकिलाशिवाय केली आणि त्याबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. महापालिकेतून मृत्यूचा दाखला आणला, त्याच्या डझनभर प्रती काढून ठेवल्या, आणि दोन्ही बँकांत आईचे नामनिर्देशन असल्याने दावा अर्ज व ओळखपत्रे देऊन ठेवी तीन आठवड्यांत तिच्या खात्यात जमा झाल्या. निवृत्तिवेतनाचे कामही अर्जावरच झाले. या अनुभवामुळे माझा असा ग्रह झाला की उरलेलेही असेच होईल आणि वकील म्हणजे भांडण झाल्यावर करायची गोष्ट.

त्याच भरात मी गावच्या जमिनीवर वारस नोंद करायला गेलो. तहसील कार्यालयाबाहेर बसणाऱ्या टायपिस्टकडे प्रतिज्ञापत्राचा मजकूर तयारच असतो. त्याने फक्त नावे विचारली. मी मयताची पत्नी, मुलगा आणि विवाहित मुलगी अशी तीन नावे सांगितली. आजीचे नाव मनात आले होते. पण सातबाऱ्यावर तिचे नाव आजोबांच्या पश्चात आधीच लागलेले होते, त्यामुळे ते पुन्हा कशाला लिहायचे असे वाटले. खाली छापील वाक्य होते: ‘याव्यतिरिक्त मयतास अन्य कोणीही वारस नाही.’ ते मी वाचले आणि सही केली.

नोंद गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलांच्या फेरफार नोंदवहीत लागली, हितसंबंधितांना नोटिसा निघाल्या आणि हरकतीसाठी असलेल्या 15 दिवसांच्या मुदतीत काकांनी हरकत घेतली. नोंद तक्रारी झाली, म्हणजेच नमुना 6-अ या विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत गेली. काकांचे म्हणणे एका ओळीचे होते: मयताची आई हयात असताना तिला वारसांतून वगळले. काकांचा आणि वडिलांचा बांधावरून जुना अबोला होता, त्यामुळे मी ही हरकत निव्वळ खोडसाळपणा समजलो. हरकत कायद्याने बरोबर आहे की नाही हे त्या दिवशी कोणाला विचारले असते, तर पुढचे दोन महिने वाचले असते.

एका शनिवारी संध्याकाळी पोलीस ठाण्यातून फोन आला. ‘तुमच्याविरुद्ध खोट्या प्रतिज्ञापत्राचा अर्ज आहे, उद्या सकाळी येऊन जबाब देऊन जा, दहा मिनिटांचं काम आहे,’ असे पलीकडच्या हवालदारांनी सांगितले. त्यांचा स्वर साधा होता, धाकाचा नव्हता. आपण काही चोरी केलेली नाही, जाऊन खरे काय ते सांगून टाकावे, वकील घेऊन गेलो तर उलट संशय येईल, असा माझा विचार होता. मेहुण्यांनी मात्र मला निक्षून अडवले आणि तालुक्याच्या गावी फौजदारी काम करणाऱ्या एका वकिलांकडे नेले.

त्या वकिलांनी माझी कहाणी ऐकण्याआधी तीन प्रश्न विचारले: गुन्हा नोंदला आहे का, कलम कोणते आणि बोलावणे लेखी आहे का? एकाचेही उत्तर माझ्याकडे नव्हते. मग त्यांनी फरक समजावून दिला. तक्रार अर्जावरची चौकशी ही एक पायरी आहे आणि प्रथम खबर (एफआयआर) नोंदवून सुरू होणारा तपास ही वेगळी पायरी. गुन्हा नोंदला गेला आणि अटकेची गरज नसेल, तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) खाली हजर राहण्याची लेखी नोटीस द्यावी लागते. जुन्या संहितेत हीच तरतूद कलम 41-अ मध्ये होती. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला, तशी कारणे लेखी नोंदवल्याशिवाय, अटक करता येत नाही. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर जबाब देणाऱ्याची सही घ्यायची नसते, हेही मला तेव्हाच कळले. अर्ज चौकशीत मात्र सही घेतली जाते, आणि म्हणूनच तेथे काय लिहिले जाते याला जास्त महत्त्व असते.

मला अटकपूर्व जामिनाची धास्ती लागली होती. त्यांनी तो करायला सरळ नकार दिला. गुन्हाच नोंदलेला नाही, तेव्हा आत्ता पैसे घालवू नका. मात्र गुन्हा नोंदल्याचे कळले तर त्याच दिवशी या, असे ते म्हणाले. काय दाखल करायचे नाही हे सांगून स्वतःची फी कमी करून घेणारा वकील मी पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी माझे लेखी म्हणणे तयार केले, त्याला आजीचे नाव असलेला सातबारा जोडला आणि पोलीस ठाण्यात ते देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतली. खोटे ठरण्यासाठी विधान चुकीचे असणे पुरेसे नसते, ते चुकीचे आहे हे माहीत असावे लागते, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. त्याच आठवड्यात तहसीलमध्ये दुरुस्तीचे प्रतिज्ञापत्रही दिले. ‘चूक दाखवून दिल्यानंतरही तुम्ही गप्प बसलात तर मात्र माझा मुद्दा लंगडा पडेल,’ असे त्यांनी बजावले होते.

वारसाहक्काचे काम आपले नाही हे त्यांनी स्वतःच सांगितले, म्हणून पुण्यात दिवाणी काम करणाऱ्या वकील मॅडमकडे गेलो. त्यांनी कागदावर छोटी वंशावळ काढली आणि सर्वात वरच्या नावावर पेन टेकवून विचारले, ‘आजी हयात आहेत ना?’ हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 प्रमाणे मृत्युपत्र न करता मरण पावलेल्या पुरुषाची पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे सगळे पहिल्या वर्गातील वारस असतात आणि त्यांचे हिस्से समान असतात. मयताचे वडील या पहिल्या वर्गात येत नाहीत, आई येते. म्हणजे आम्ही तिघेच मालक आहोत असे समजत होतो त्या पुण्याच्या सदनिकेतही आजीचा चौथा हिस्सा होता. त्याची व्यवस्था न होता आजी गेली असती, तर तो हिस्सा तिच्या वारसांत, म्हणजे काका, आत्या आणि आम्हा भावंडांत वाटला गेला असता, आणि आईला राहत्या घराच्या प्रत्येक कागदावर सगळ्यांच्या सह्या मागत फिरावे लागले असते. सदनिकेला आईचे नामनिर्देशन आहे असे मी म्हणालो, त्यावर त्यांनी सांगितले की नामनिर्देशित व्यक्ती वारसांच्या वतीने सांभाळ करते, त्या नोंदीने मालक होत नाही. समभागांबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच स्पष्ट केले आहे.

जमिनीबाबत त्यांनी हिस्से सांगायचे टाळले आणि आधी जुने फेरफार काढून आणायला सांगितले. आम्ही घरात त्या जमिनीला सरसकट वडिलोपार्जित म्हणत आलो. फेरफारातून निघाले की आजोबांनी ती 1962 मध्ये खरेदी केलेली होती आणि 1988 मध्ये ते गेल्यावर वडिलांना त्यांचा हिस्सा वारसाने मिळाला होता. त्यामुळे तो वडिलांचा स्वतंत्र हिस्सा ठरला आणि त्याचेही चार सारखे भाग होणार होते. शब्द चुकला की गणित कसे चुकते, ते मी तेथे पाहिले.

समभागांना नामनिर्देशन नव्हते आणि त्यांची किंमत सोप्या प्रक्रियेच्या मर्यादेबाहेर गेल्याने उत्तराधिकार प्रमाणपत्र लागले. त्यासाठी न्यायालयात अर्ज, वृत्तपत्रात जाहीर नोटीस, बाकीच्या वारसांची ना-हरकत आणि मालमत्तेच्या किमतीनुसार न्यायालय शुल्क असा सात महिन्यांचा रस्ता होता. हे प्रमाणपत्र येणी आणि रोखे यांच्यापुरते असते, घर-जमिनीला ते चालत नाही. फी टप्प्याटप्प्याने किती, टायपिंग-नोटरी त्यात धरले आहे का, हे मी पहिल्याच भेटीत लिहून घेतले, कारण वकीलपत्रावर सही झाल्यावर असे प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही. आईला हे काम विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील घेऊनही करता आले असते, कारण त्या कायद्यात स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. हे आम्हाला फार उशिरा समजले.

बहिणीच्या बाबतीत मीही टिपिकल भाऊच निघालो. ती हक्कसोडपत्र देईल असे मी गृहीत धरून मसुदाही करायला सांगितला होता. मॅडमनी तिला फोन लावायला लावला, मला बाहेर बसवले आणि आत आल्यावर सांगितले, ‘त्या सही करणार नाहीत, आणि तो त्यांचा हक्क आहे.’ दोन दिवस मी घुश्श्यात होतो.

आजीकडे जायला आई निघाली, तेव्हा मॅडमची एकच अट होती: आजीचे म्हणणे काकांसमोर किंवा आमच्यासमोर नव्हे, एकटीला विचारायचे. त्या स्वतः गावी आल्या आणि परड्यात आजीजवळ अर्धा तास बसल्या. आजीने निर्णय सांगितला: ‘पुण्याच्या घरात मी एक रात्र झोपले नाही, ते सुनेचं आहे. जमीन मात्र माझ्या नावावर राहू द्या.’ काकांनी त्यानंतर हरकत मागे घेतली, चार नावांनी फेरफार प्रमाणित झाला आणि पोलिसांनी अर्ज दप्तरी दाखल केला, म्हणजे पुढे कारवाई न करता बंद केला.

सदनिकेचे हक्कसोडपत्र पुण्याच्याच दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागणार होते, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे दस्त मालमत्ता असेल तेथे नोंदवायचा असे. शहाऐंशी वर्षांच्या आजीला काकांनी स्वतः गाडीतून आणले. भांगलणीने झिजलेला तिचा अंगठा यंत्र उमटवून घेईना. कारकुनाने तो ओल्या रुमालाने पुसला, तीनदा दाबला, आणि चौथ्यांदा पडद्यावर हिरवी खूण आली. परतायला उशीर झाल्याने काकांनी रात्री घाट उतरायला नको म्हटले, आणि आईने वडिलांच्या खोलीत आजीचे अंथरूण घातले.