वन्समोअर न देणारा माणूस

मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात मला परवडलं ते सगळ्यात वरच्या गॅलरीचं तिकीट. मान वाकडी केली की अर्धा रंगमंच दिसायचा, उरलेला अर्धा कानांनी बघायचा. या गॅलरीला लोज्जोने म्हणतात. इथले दर्दी मोठे खवट; सूर हलला की हुर्यो ठरलेली.

ऑपेरातलं एक गाणं संपलं, टाळ्यांचा कडकडाट थांबेना. मला सवयीनं वाटलं, आता वन्समोअर! बालगंधर्वांच्या वन्समोअरच्या कथा ऐकतच वाढलोय आपण. पण खाली वाद्यवृंद संचालकाची काठी हलली आणि खेळ पुढे सरकला.

ही शिस्त लावायला इथे जो सर्वात जास्त भांडला, तो वाद्यवृंद संचालक आर्तुरो तोस्कानिनी. पार्म्याचा, जन्म १८६७चा. १८८६मध्ये रिओमध्ये चेलो वाजवायला गेलेला हा १९ वर्षांचा पोरगा ऐनवेळी ‘आइदा’ हा ऑपेरा चालवायला उभा राहिला, तोही पाठ! १८९८मध्ये ला स्काला त्याच्या हाती आलं. प्रयोगात प्रेक्षागृहातले दिवे बंद, बायकांनी टोप्या काढायच्या, वन्समोअर नाही. १९०३मध्ये संगीतकार व्हेर्दीच्या एका ऑपेरात लोक वन्समोअरसाठी हटून बसले, तेव्हा हा प्रयोग अर्धवट टाकून चालता झाला. परतला थेट १९०६मध्ये. (आपल्याकडे असं कुणी केलं असतं तर? नाटक कंपनीच बुडाली असती.) हाच हट्टी माणूस १९३१मध्ये फॅसिस्टांचं गीत वाजवायला नकार देऊन थपडा खातो, आणि बाँबनं पडलेलं ला स्काला पुन्हा उभं राहिल्यावर ११ मे १९४६ला तिथला पहिला कार्यक्रम करतो.

दुसऱ्या दिवशी जांभळ्या मेट्रोनं मोनुमेंताले स्टेशनला उतरलो. समोरच स्मशानभूमी, अफाट. १९५७मध्ये न्यूयॉर्कला वारलेला तोस्कानिनी इथे आहे. त्याचा जावई, पियानोवादक होरोविट्झही इथेच. कबर शोधता शोधता घोटे दुखले. काठी, स्वरलिपी, ‘महान संगीतकार’ असलं काहीतरी कोरलेलं असेल, असं मनात होतं.

पण ही कबर बांधली ती त्याच्या लेकासाठी. जॉर्जो १९०६मध्ये ब्यूनोस आयरेसला घटसर्पानं गेला, शाळेत जायच्या वयाचाही नव्हता. शिल्पकार बिस्तोल्फीनं दगडात त्याची खेळणी कोरली आहेत.

त्या खेळण्यांपाशी बराच वेळ उभा होतो. फोटो काढायचा राहिला तो राहिलाच.