कार्तिकात कुत्र्यांना घेऊन खारघरचा डोंगर

मी ठाण्यात राहते. येऊरचा डोंगर आमच्या गॅलरीतून दिसतो, तरी बिजली आणि बंडूला मी तिथे कधीच नेत नाही. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडतं. तिथे बिबटे आहेत आणि कुत्रं त्यांना सहज मिळणारं भक्ष्य. मला त्याहून जास्त धास्ती वाटते ती आपल्या कुत्र्यांकडून रानातल्या जनावरांकडे जाणाऱ्या डिस्टेंपर या विषाणूच्या आजाराची. 2018 मध्ये गीरच्या सिंहांचे याच विषाणूने बळी घेतले. म्हणून भाच्याला सोबत घेऊन पहाटेच गाडी काढली आणि नवी मुंबईतलं खारघर गाठलं. एका माणसाकडे एकच कुत्रं, हे आमचं ठरलेलं.

पावसाळ्यात या डोंगरावर बंदी असते, त्यामुळे आम्ही दिवाळीनंतरच जातो. पहाटे गारवा असला तरी नऊ वाजले की ऊन चटकायला लागतं. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना. बाकी उष्णता धापा टाकूनच बाहेर पडते. त्यात बंडू लॅब्रॅडॉर आणि वयस्कर, तेव्हा चालायचं त्याच्या चालीने. पाणी घरचंच पाजलं, कारण डबक्यातल्या पाण्यातून लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या आजाराची, भीती असते.

चढ निवांत झाला. वर वाडीजवळ एक बाई अंगण झाडत होत्या. "ताई, कुत्री धरा हां, कोंबड्या सोडल्यात," त्यांनी हाक दिली. आम्ही दोऱ्या आखडल्या आणि वाडीला लांबून वळसा घातला. त्यांच्या दारातून आपण जातोय, एवढं भान हवंच.

कस लागला तो उतरताना. आपल्याकडे वाटेवर बर्फ नसतो, पण या दिवसांतला घसारा भल्याभल्यांना बसवतो. मुरूम सुटा झालेला आणि त्यावर वाळकं गवत आडवं पडलेलं. चढताना दोरी कमरेला बांधली तरी चालते. उतारावर ती हातातच हवी, आणि मनगटाला वेढा अजिबात नको. कुत्र्याने एक हिसका दिला की माणूस तोंडावर. गळपट्ट्याऐवजी पाठीवर मूठ असलेला हार्नेस घातला होता. "मागे" म्हटलं की मागे राहायचं, हे दोघांना इमारतीच्या जिन्यातच शिकवलं होतं, त्याचं इथे चीज झालं.

बिजली गावठी. बोटं फाकवून, नखं रुतवून, बूड जवळजवळ जमिनीला टेकवत ती तिरकी तिरकी उतरली. बंडू मात्र एका कातळटप्प्यावर अडला. पुढचा पाय टाकायचा, परत घ्यायचा, कुंईकुंई करायचा. भाचा खाली उतरून उभा राहिला. "मावशी, मूठ सोडू नकोस. मी छातीखाली हात धरतो." अशा वेळी ओढलं की कुत्रं आणखी अंग चोरतं. आम्ही थांबलो, पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवत राहिलो. थोड्या वेळाने त्याने स्वतःच पंजा खाली टेकवला, तेव्हा कुठे आम्ही दोघांनी त्याचं वजन पेललं.

खाली आल्यावर गाडीत बसण्याआधी दोघांची अंगं तपासली, आणि हे काम उतरण्याइतकंच महत्त्वाचं. या दिवसांत गवताची कुसळं पिकलेली असतात. त्यांना मागे वळलेले बारीक काटे असतात, त्यामुळे ती पुढेच सरकतात. बिजली डावा पंजा चाटत होती. बोटांमधले केस बाजूला केले तर एक कुसळ निम्मं कातडीत शिरलेलं. चिमट्याने सरळ ओढून काढलं. कानात शिरलं असतं तर आपण हात न लावता डॉक्टरांकडेच न्यायचं.

बंडूच्या काखेत गोचीड सापडली. ती कातडीलगत चिमट्यात धरून सावकाश ओढायची. रॉकेल किंवा तेल लावायचं नाही. गोचीड ताप लगेच दिसत नाही, त्यामुळे पुढचे दोन-तीन आठवडे खाणं कमी होतंय का, अंग तापतंय का, हिरड्या फिकट पडतायत का, हे रोज बघायचं. आमचं ते अजून चालू आहे. बंडू सध्या व्यवस्थित जेवतोय.