"मुंग्या येतात थोड्या, तेवढंच"

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, बारा दिवसांवर आली होती. सकाळी सातलाच डिचोलीच्या वहिनींचा फोन आला. "भाऊ, मखराचे तुकडे कापले जात नाहीत. डावीकडे नीट कापतं, उजवीकडे नुसता डाग पडतो. ऑर्डरी घेऊन बसलेय." फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "आणि मशीनला हात लागला की मुंग्या येतात थोड्या, तेवढंच."

त्या "तेवढंच"साठी मी फोंड्यातली दुरुस्तीची दोन कामं बाजूला ठेवली आणि खांडोळा-आमोण्याचा पूल ओलांडून भर पावसात निघालो.

मशीन होतं 40 वॉटचं चिनी लेझर कटर, सगळे त्याला के-40 म्हणतात. कापायची जागा 300 बाय 200 मिलिमीटर, म्हणजे मोठं मखर तुकड्या-तुकड्यांनीच करावं लागतं. आत कार्बन डायऑक्साइड भरलेली काचेची नळी, तिला पंधरा-वीस हजार व्होल्ट लागतात, आणि नळी थंड ठेवायला बादलीतलं पाणी पंपाने फिरत राहतं. नळीतला किरण आरशांवरून वळत कापायच्या जागेपर्यंत येतो. हे मशीन मला मनापासून आवडतं. एवढ्या कमी पैशांत घरच्या बाईला स्वतःचा धंदा उभा करता येतो. पण ते तयार मशीन म्हणून येत नाही. खोक्यातून निघतं ते अर्धवट काम, उरलेलं अर्धं आपण करायचं असतं.

पडवीत पोचलो तर वहिनींची आठ वर्षांची मुलगी झाकणावर दोन्ही कोपरं टेकवून आत बघत उभी. पाय अनवाणी, लाद्या पावसाने ओल्या. मशीन चालू. "बाय, मागे हो," मी म्हटलं, तेही जरा मोठ्याने. पोर दचकली. मीटरची एक पिन मशीनच्या पत्र्यावरच्या उघड्या स्क्रूला आणि दुसरी न्यूट्रलला लावली. 112 व्होल्ट.

"मी रबरी चप्पल घालते ना," वहिनी म्हणाल्या. "मग काही होत नाही." विकणाऱ्याने त्यांना तसंच सांगितलं होतं.

मी त्यांना खाली बसवून समजावलं. वीज मशीनमध्ये शिरते तिथे एक फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलमधून पत्र्याकडे जातात. अर्थिंग नसलं की पत्रा निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या मुंग्या. पण याच मशीनमध्ये हजारो व्होल्टची तार आहे. त्यातली वीज दमट हवेत कधी पत्र्यावर उडाली, तर तिला जायला वाट हवी. अर्थिंग नसेल तर ती वाट म्हणजे झाकणाला टेकलेलं माणूस.

"आधी आरसे बघा ना भाऊ, चवथ आली," त्या म्हणाल्या. मी नाही म्हटलं.

प्लग काढला. सॉकेटच्या फेजवर आणि अर्थच्या भोकात बल्ब लावून पाहिला, पेटलाच नाही. मीटर बोर्डापासून अर्थची तार धरून भिंतीच्या कडेने मागे गेलो. घरामागे जास्वंदीच्या मुळाशी जमिनीत पुरलेला अर्थिंगचा पाइप होता, पण तारेचा शेवटचा वीतभर भाग गंजून गळून पडला होता. पाइपचं तोंड घासून चकचकीत केलं, नवी तार क्लॅम्पने आवळली. चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची जमीन पावसाने भिजलेली, बल्ब लगेच लख्ख पेटला.

आता मशीनची पाळी. अर्थची तार पत्र्याला नट-बोल्टने जोडलेली होती, दिसायला अगदी व्यवस्थित. पण ती रंगावर आवळली होती, आणि रंगातून वीज जात नाही. नट काढला, पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा खाली लोखंड दिसेपर्यंत खरवडली, दातेरी वॉशर घातला. पुन्हा मीटर लावला, पत्र्यावर शून्य. यात दुपार झाली. वहिनींनी जेवायला वाढलं तेव्हा त्या फार बोलल्या नाहीत.

आरशांचं काम त्या मानाने सरळ. या लेझरचा किरण डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे आरशापुढे मास्किंग टेप लावायचा, बटण क्षणभर दाबायचं आणि जळलेला ठिपका कुठे पडतो ते पाहायचं. हेड, म्हणजे भिंग बसवलेला सरकता भाग, डावीकडे असताना ठिपका मधोमध, उजवीकडे नेलं की चार मिलिमीटर वर. दुसऱ्या आरशाचे पितळी स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत गेलो. टेपचे वीसेक तुकडे जळाले, तेव्हा कुठे दोन्ही ठिपके एकावर एक आले. भिंगही उलटं बसवलेलं निघालं, फुगीर बाजू खाली. ती वर हवी.

मुलगी आता हात मागे बांधून लांब उभी होती. "हे कोणी शोधलं?" तिने विचारलं. या जातीचा लेझर 1964 मध्ये अमेरिकेत कुमार पटेल यांनी बनवला. त्यांचा जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्याचं. "बारामती म्हणजे आपल्या इथलीच?" मी हो म्हटलं.

कोपऱ्यात सनबोर्डच्या शीट होत्या, त्याही कापायचा बेत होता. तो पीव्हीसी प्लास्टिकचा, जळला की क्लोरिनचा आम्लधूर सोडतो, फुफ्फुसं आणि मशीन दोन्ही खातो. त्या सुरीने कापा, असं बजावलं.

संध्याकाळी 3 मिलिमीटर एमडीएफवर, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीवर, 12 मिलिअँपिअरला कमळाची पाकळी लावली. उजव्या कोपऱ्यात. कट पूर्ण झाला आणि पाकळी हलकेच खाली पडली. वहिनींनी ती उचलून उजेडात धरली, कडेवरून बोट फिरवलं. मग चप्पल काढून ठेवली आणि तळहात पत्र्यावर टेकवला.

निघताना मी त्यांना जास्वंदीपाशी नेलं. मे महिन्यात चिरा सुकतो, पाइपची जमिनीवरची पकड सुटते. तेव्हा झाडाला पाणी घालाल ते याच्या मुळाशी, रोज एक बादली.