दोन्ही 10 पैकी 10

सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षेच्या भोकाला सीव्हीएसएस, म्हणजे गंभीरपणाचा, स्कोअर 10 आला की हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात वरून एकच प्रश्न येतो: "आपल्याला किती धोका?" त्या 10 मध्ये याचं उत्तर नसतं. भोक किती वाईट आहे ते स्कोअर सांगतो. ते आपल्याकडे आहे का आणि बाहेरच्याला तिथवर पोचता येतं का, हे आपणच शोधायचं.

10 डिसेंबर 2021, शुक्रवार. लॉग4जे. जावा प्रोग्रॅमच्या कामाची नोंद, म्हणजे लॉग, लिहिणारी ही तयार कोडची लायब्ररी. लॉगमध्ये जाणाऱ्या मजकुरात जेएनडीआयची (दुसरीकडून गोष्टी शोधून आणायची जावाची सोय) एक ओळ घुसवली, की ही लायब्ररी आपणहून बाहेरच्या सर्व्हरकडे जायची आणि तिथला कोड आणून चालवायची. माइनक्राफ्ट गेमच्या चॅटमध्ये ती ओळ टाइप केली तरी काम व्हायचं. आमची खरी पंचाईत पुढेच होती. घेतलेल्या लायब्रऱ्यांची यादी असते त्या पॉम फाईलमध्ये लॉग4जेचं नावच नाही! आपण घेतलेल्या लायब्ररीने घेतलेल्या लायब्ररीत ते दडलेलं. मेव्हन या जावा लायब्रऱ्यांच्या सार्वजनिक साठ्यावरची बाधित पॅकेजेस गूगलच्या लोकांनी तपासली, तर 80 टक्क्यांहून जास्त ठिकाणी ते एका पातळीपेक्षा खोल निघालं. शेवटी वॉर फाईलमधल्या (जावा ॲपचं गाठोडं) जार (कोडची छोटी गाठोडी), त्या जारमधल्या जार उघडून ती ओळ हाताळणारा जेएनडीआयलुकअप नावाचा क्लास (कोडचा तुकडा) शोधत बसलो. विकत घेतलेल्या, आतला कोड न दिसणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बंद डब्यांचं तर काय, व्हेंडरच्या मेलची वाट बघायची.

त्यात पॅचची (दुरुस्त व्हर्जनची) रांग: 2.15.0, मग 2.16.0, मग 2.17.0. पहिल्या पॅचमध्ये उरलेल्या भोकाला आधी 3.7 स्कोअर होता, काही दिवसांत तो 9.0 झाला. कोड तोच, फक्त लोकांना त्याचा नवा वापर सुचला. तेव्हापासून पहिल्या दिवशीचा स्कोअर मी पेन्सिलीने लिहिते.

29 मार्च 2024, पुन्हा शुक्रवार, तोही गुड फ्रायडे. एक्सझेड, लिनक्समधलं फाईल दाबून लहान करायचं टूल. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरला एसएसएच (दुरून सर्व्हरवर शिरायची सोय) लॉगिन अर्धा सेकंद रेंगाळतंय असं दिसलं, आणि त्यातून मुद्दाम पेरलेलं मागचं दार उघडकीला आलं. गोष्ट म्हणून लॉग4जेपेक्षा कितीतरी भयानक. स्कोअर तोच, 10. पण ते होतं फक्त 5.6.0 आणि 5.6.1 मध्ये, आणि या व्हर्जन डेबियन टेस्टिंग, फेडोराची बीटा, टम्बलवीड, काली अशा लिनक्सच्या ताज्या मालातच पोचल्या होत्या. आमचे सर्व्हर जुनाट एलटीएसवर, म्हणजे वर्षानुवर्षं चालणाऱ्या स्थिर व्हर्जनवर. सगळ्यांवर पॅकेजची व्हर्जन विचारणारी एक कमांड सोडली, निकाल कोरा. मग हौशी डेव्हलपरांचे लॅपटॉप आणि कंटेनर इमेज (ॲप चालवायचे तयार साचे) तेवढ्या बघितल्या.

लॉग4जे मात्र संपत नाही. अमेरिकेच्या सायबर सेफ्टी रिव्ह्यू बोर्डाने 2022 मध्येच म्हटलं होतं की ते दशकभर किंवा त्याहून जास्त काळ सापडत राहील. मध्यंतरी एका जुन्या रिपोर्टिंग टूलमध्ये मला पॅचआधीचं 2.14.1 दिसलं. मशीन बंद नेटवर्कमध्ये, बाहेर जायची वाट नाही, लॉगमध्ये बाहेरचा मजकूर नाही. जेएनडीआयलुकअप क्लास जारमधून उडवला आणि धोक्यांच्या शीटमध्ये "मध्यम" लिहिलं. ऑडिटर अजून "क्रिटिकल"वर अडून बसलाय.