नदीपलीकडची चावी

कमिन्याच्या धक्क्यावर सॅक पायाशी टाकून आम्ही पाच यात्रेकरू होडीची वाट पाहत बसलो होतो. समोर मिन्यो नदी. अलीकडे पोर्तुगाल, पलीकडे स्पेन, मध्ये नुसतं पाणी. पलीकडचा सांता त्रेगाचा डोंगर (341 मीटर) इतका जवळ दिसतो, की हाक मारली तर ओ येईल.

पोर्तोच्या कॅथेड्रलपासून चालायला लागून पाच दिवस झाले होते. सांतियागोला, संत याकोबाच्या समाधीकडे जाणारी ही किनाऱ्याची वाट साधारण 280 किलोमीटरची. पिवळे बाण पाहत चालायचं. उत्तरेला तोंड, समुद्र डाव्या हाताला. मी गुहागरची, त्यामुळे सूर्य पाण्यात बुडताना पाहिला की घरीच असल्यासारखं वाटायचं. वारा मात्र वेगळा. 'नोर्तादा' म्हणतात त्याला, उत्तरेकडून थेट तोंडावर येतो. वाळूच्या टेकड्यांवरची झुडपं तुडवली जाऊ नयेत म्हणून मैलोन्‌मैल लाकडी फळ्यांची वाट केली आहे. अपुलियाच्या किनाऱ्यावर पूर्वापार समुद्रातलं शेवाळ ओढून काढतात, वाळूत सुकवतात आणि शेताला खत म्हणून घालतात. आमच्याकडे माडाला मासळीचं खत घालतात, त्याची आठवण झाली.

होडीने दहा मिनिटांत पलीकडे सोडलं. पासपोर्ट कुणी विचारला नाही. घड्याळ तेवढं एक तास पुढे करायचं.

वारीत जसं 'माऊली', तसं अलीकडे लोक 'बों कमिन्यू' म्हणत होते. पलीकडे, स्पेनच्या गालिसिया प्रांतात, 'बो कमिन्यो'. राज्य बदललं, बोली जवळजवळ तीच. ती किती जवळची, हे संध्याकाळी कळलं.

अलीकडे पोर्तुगालात, व्हियानाच्या मुक्कामी घरमालकीणबाईंनी खोलीची किल्ली देताना 'शाव्' म्हटलं होतं. आ ग्वार्दाच्या धर्मशाळेतल्या आजींनी किल्ली पुढे केली आणि म्हणाल्या, "आ चावे."

मी थबकले. आपली 'चावी' पोर्तुगीजांकडून आली, हे शाळेपासून ऐकलेलं. पाव, बटाटा, पगार, घमेलं, सगळे त्याच गलबतांतून उतरलेले शब्द. पण सोळाव्या शतकात ते लोक आपल्या किनाऱ्याला लागले, तेव्हा त्यांच्या तोंडी 'च' होता. पुढे पोर्तुगालच्या प्रमाण भाषेत त्याचा 'श' झाला. जुना 'च' राहिला तो इथे, या बहीणभाषेत, आणि तिकडे आमच्या गुहागरच्या ओटीवर.

हे सगळं आजींना सांगण्याइतकी भाषा माझ्याकडे नव्हती. सॅकच्या आतल्या कप्प्यातून घराची किल्ली काढली, त्यांच्या तळहातावर ठेवली. "चावी," मी म्हटलं. "इंडिया."

त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. "चावे," त्या म्हणाल्या. मग सावकाश, माझ्यासारखं, "चावी." आणि दोन्ही किल्ल्या माझ्या मुठीत देऊन मूठ मिटवली.

दुसऱ्या दिवशी ओइयाला पोचले तेव्हा भरती होती. बाराव्या शतकातला मठ अगदी लाटांच्या तोंडाशी उभा आहे. त्याच्या भिंतीला टेकून बराच वेळ बसले, समुद्राकडे तोंड करून.